व्हिएन्ना: राजवाड्यांच्या शहरातला नळ

म्युनिकमध्ये भाड्याचं घर मिळेपर्यंत कुठेही फिरायला जायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. पगाराच्या स्लिपा, शुफाचा (म्हणजे कर्ज-बिलं वेळेवर फेडल्याचा) दाखला, आधीच्या घरमालकाचं पत्र असं सगळं जोडून अर्ज पाठवायचे आणि उत्तराची वाट बघायची, यातच हिवाळा सरला. वसंतात एकदाचं घर मिळालं. आनमेल्डुंग, म्हणजे नव्या पत्त्याची सरकारी नोंदणी, झालं, दोघांच्या रेसिडेन्स परमिटची कार्डं हातात आली आणि कॅलेंडरमध्ये फिंग्स्टन या ख्रिस्ती सणाच्या सोमवारची सुट्टी दिसली. शुक्रवारी रजा टाकली की चार दिवस मोकळे.

नवीन आलेल्यांसाठी सांगते: जर्मनीचं परमिट असलं की शेंगेनमधल्या, म्हणजे सामायिक व्हिसाच्या युरोपीय देशांपैकी, दुसऱ्या देशात फिरायला वेगळा व्हिसा लागत नाही, १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येतं. मात्र कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही जवळ हवेत.

कुठे जायचं यावर फार चर्चा झाली नाही. नवऱ्याला ऑपेरा ऐकायचा होता. मला व्हिएन्नाचं पाणी बघायचं होतं. मी लातूरची. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा मी बारावीत होते. पुढे सिव्हिल इंजिनियर झाले, त्यामागे तो उन्हाळा आहे. सुमारे वीस लाख वस्तीच्या शहराला डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी, पंप न लावता, नुसत्या उतारावरून मिळतं असं कॉलेजात वाचलं होतं. ते शहर आता चार तासांवर होतं.

पहिला दिवस, शुक्रवार

सकाळची रेलजेट ही वेगवान गाडी पकडली. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, त्यामुळे डब्यातल्या उपाहारगृहाकडे वळायची गरज पडली नाही. प्रीनच्या आसपास कीमझे तलाव झाडांमधून दिसत राहिला. उजव्या हाताला आल्प्स साल्झबुर्गच्या पुढेही बराच वेळ सोबत होते. लिंझनंतर मोकळी शेतं लागली आणि दुपारच्या आत आम्ही व्हिएन्नाच्या मुख्य स्टेशनवर उतरलो. ७२ तासांचं तिकीट काढलं. ते सुरुवातीला एकदाच मशीनमध्ये छापून घेतलं, मग मेट्रो, ट्राम, बस सगळ्याला चाललं.

राहायची जागा ओटाक्रिंग भागात, ब्रुनेनमार्केट नावाच्या लांबलचक रस्त्यावरच्या बाजाराजवळ घेतली होती. इथे यू६ ही मेट्रो जमिनीखालून न जाता उंचावरून, विटांच्या कमानींवरून जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओटो वाग्नर या वास्तुरचनाकाराने हा शहरी रेल्वेमार्ग आखला. स्टेशनं, पूल, हिरवे लोखंडी कठडे सगळं त्याच्याच हातचं आहे, आणि रोज कामावर जाणारी माणसं अजून त्यातूनच ये-जा करतात. बाजारात तुर्की आणि बाल्कन विक्रेते जास्त. कोथिंबिरीची जुडी अशी भरघोस मिळाली की म्युनिकला परत न्यावीशी वाटली.

आमची इमारत शंभर वर्षांहून जुनी. दगडी जिना, मजल्यामजल्यावर लांब व्हरांडा, आणि त्या व्हरांड्यात भिंतीला लावलेलं ओतीव लोखंडाचं एक लहानसं कुंड, वर पितळी नळ. मला ते शोभेचं वाटलं. कुलूप उघडत होतो तेवढ्यात शेजारच्या आजी बाहेर आल्या. माझं जर्मन बेताचं, त्यांचं बोलणं व्हिएन्नाच्या ढंगाचं, तरी गोष्ट कळली. त्या कुंडाला 'बासेना' म्हणतात. पूर्वी घरात नळ नसायचा. मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना हा एकच नळ, संडासही व्हरांड्यातच. आजी लहान असताना इथूनच बादली भरून नेत. कोणाचं लग्न ठरलं, कोणाची नोकरी गेली, सगळ्या बातम्या नळावरच कळायच्या. नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, "अगं, ही तर परळची चाळच की!" खरंच तसं होतं. गिरणगावातल्या चाळीचा व्हरांडा आणि त्याच्या टोकाचा नळ उचलून इथे आणून ठेवला असता तर आजींना काही वेगळं वाटलं नसतं.

आजींनी नळ उघडून दाखवला. पाणी आलं. ओंजळ धरून प्यायले. इतकं गार की दातांना कळलं. जूनमध्ये, दुपारी, नळाला.

संध्याकाळी कॉफी प्यायला गुम्पेनडोर्फर रस्त्यावरच्या कॅफे श्पेर्लमध्ये गेलो. ते १८८० पासूनचं आहे. उंच छत, झिजलेल्या मखमलीच्या खुर्च्या, बिलियर्डची टेबलं, लाकडी दांड्यांत अडकवलेली वर्तमानपत्रं. मेलांज मागवली, म्हणजे दुधाच्या फेसाची कॉफी. ती चांदीच्या रंगाच्या तबकात आली आणि कपाशेजारी न मागता पाण्याचा पेला. जर्मनीत हॉटेलात पाणी मागितलं की बाटली येते आणि बिलात तिचे पैसे लागतात, याची आम्हाला आता सवय झाली होती. इथे पेला रिकामा झाला तसा वेटरने दुसरा आणून ठेवला. एका कॉफीवर किती वेळ बसायचं याला मर्यादा नाही. बिल मागितल्याशिवाय कोणी आणत नाही. आम्ही बाहेर अंधार होईपर्यंत बसलो. नवरा चित्रांवरून जर्मन वर्तमानपत्र वाचत होता आणि मी त्या पेल्यातल्या पाण्याचा इतिहास फोनवर काढून वाचत होते.

तो इतिहास थोडक्यात असा. व्हिएन्नाच्या नैऋत्येला, राक्स आणि श्नेबेर्ग या डोंगरांमधल्या खोल दरीत कैसरब्रुन नावाचा झरा आहे. अठराव्या शतकात सम्राट सहावा कार्ल याला तो शिकारीच्या वेळी सापडला, आणि त्याचं पाणी राजदरबारासाठी घोडेस्वारांकरवी व्हिएन्नाला आणू लागले. सम्राटाला झऱ्याचं पाणी आणि बाकीच्यांना आडाचं, असं शंभराहून जास्त वर्षं चाललं. आडांचं पाणी दूषित, त्यामुळे कॉलरा आणि विषमज्वर पाठ सोडत नव्हते.

दुसरा दिवस, शनिवार

दर शनिवारी नाशमार्केट या शहरातल्या मोठ्या मंडईच्या टोकाला जुना बाजार भरतो, म्हणून सकाळी तिथेच गेलो. जुनी भांडी, पोस्टकार्डं, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो, पितळी किल्ल्या. हे सगळं पसरलेलं मैदान आणि नाशमार्केटची दुकानं ज्या जमिनीवर आहेत, तिच्याखालून व्हीन नदी झाकलेल्या पात्रातून वाहते. समोर ओटो वाग्नरचीच एक इमारत आहे, सगळी दर्शनी भिंत गुलाबी फुलांच्या टाइल्सची. फलाफल खाऊन बाजाराच्या दुसऱ्या टोकाला सेसेशनची इमारत पाहिली. पांढऱ्या ठोकळ्यावर सोनेरी पानांचा घुमट. १८९८ मधली ही इमारत, जुन्या कलासंस्थेतून बाहेर पडलेल्या तरुण चित्रकारांनी स्वतःच्या प्रदर्शनांसाठी उभारली. तळघरात त्यांच्यातल्याच गुस्टाव क्लिम्टचं बेथोव्हनवरचं लांब भित्तिचित्र आहे. नवरा तिथून हलेना.

तिथून श्टेफान्सडोम, शहराचं मुख्य कॅथेड्रल. दक्षिण मनोऱ्याच्या ३४३ पायऱ्या चढलो. जिना गोल आणि अरुंद, समोरून कोणी आलं की भिंतीला चिकटून उभं राहायचं. वरून छताचे रंगीत टाइल्स दिसतात, सुमारे २ लाख ३० हजार, नागमोडी पट्ट्यांत बसवलेले. एप्रिल १९४५ मध्ये, महायुद्ध संपायच्या तोंडावर, हे छप्पर जळून खाली आलं होतं. पुमेरिन नावाची प्रचंड घंटा त्या आगीत कोसळून फुटली. तिच्याच धातूतून १९५१ मध्ये नवी ओतली. आता आहे ते छप्पर युद्धानंतरचं आहे, हे माहीत नसतं तर कळलं नसतं.

पण मला या देवळातली सगळ्यात आवडलेली गोष्ट जमिनीवरच होती, मुख्य दरवाजाच्या डाव्या हाताला. भिंतीत दोन लोखंडी पट्ट्या बसवल्या आहेत, एक जरा लहान, एक मोठी. हे कापड मोजायचे शहराचे अधिकृत गज. व्यापाऱ्याने माप मारलं अशी शंका आली तर गिऱ्हाइकाने कापड इथे आणून ताडून बघायचं. देवळाच्या दारात माप ठेवलंय, कारण तिथे सगळ्यांनाच जाता येतं. लोक वर मनोऱ्याकडे बघत फोटो काढतात आणि पट्ट्यांसमोरून निघून जातात. तुम्ही गेलात तर एक मिनिट तिथे थांबा.

युडेनप्लाट्झ तिथून जवळ. ऑस्ट्रियातल्या ६५ हजार ज्यूंची नाझींनी हत्या केली, त्यांचं स्मारक या चौकात आहे. रेचल व्हाइटरीड या ब्रिटिश शिल्पकार बाईंचं काम, २००० सालचं. काँक्रीटची एक खोली, तिच्या भिंती पुस्तकांच्या, पण पुस्तकांचे कणे आत आणि पानं बाहेर. एकाही पुस्तकाचं नाव वाचता येत नाही. दाराला मूठ नाही. पायथ्याशी ज्या ठिकाणी माणसं मारली गेली त्यांची नावं कोरली आहेत. आम्ही दोघंही काही बोललो नाही. या देशांमध्ये आपण राहायला आलो आहोत, तर हाही इतिहास आता आपल्याला नीट माहीत असायला हवा, एवढं मला तिथे प्रकर्षाने वाटलं.

दुपारनंतर श्वार्झेनबेर्गप्लाट्झ. इथलं मोठं कारंजं बघायला प्रवासी सहसा मुद्दाम येत नाहीत, मी मात्र त्यासाठीच आले होते. २४ ऑक्टोबर १८७३ ला सम्राट फ्रान्झ योझेफच्या उपस्थितीत हे कारंजं उडालं आणि कैसरब्रुनसारख्या झऱ्यांचं, आल्प्सचं पाणी नव्या जलवाहिनीतून व्हिएन्नाला पोचल्याचं सगळ्या शहराने पाहिलं. त्याच वर्षी प्राटर या मोठ्या बागेत जागतिक प्रदर्शन भरलं होतं आणि त्याच वर्षी शहरात कॉलऱ्याची साथही होती. कारंजं बांधलं जलवाहिनीचा कंत्राटदार आन्टोन गाब्रिएली याने, स्वतःच्या खर्चाने. कडेला ३६५ बारीक धारा आहेत, वर्षाच्या दिवसांइतक्या. मागे सोव्हिएत सैन्याचं अर्धगोलाकार युद्धस्मारक आहे, तेही याच पाण्याच्या पडद्यातून दिसतं.

ही जलवाहिनी ज्याने लावून धरली तो माणूस एदुआर्द स्यूस. भूगर्भशास्त्रज्ञ. १८६२ मध्ये त्याने व्हिएन्नाखालच्या जमिनीवर पुस्तक लिहिलं. आडांत कसलं पाणी झिरपतं हे त्याने जमिनीचे थर तपासून दाखवलं, मग नगरपरिषदेत निवडून गेला आणि दूरच्या डोंगरातून पाणी आणायची योजना मंजूर करून घेतली. खर्चाचा आकडा ऐकून विरोध झाला, त्याने तो अंगावर घेतला.

स्यूसचं नाव ऐकल्यावर नवरा थांबला. तो चंद्रपूरचा, घरातली माणसं कोळशाच्या खाणीत काम केलेली. "बाप्पा, गोंडवाना वाला स्यूस?" तोच. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका इथल्या खडकांत एकाच प्रकारच्या वनस्पतींचे अवशेष सापडतात, म्हणजे हे भूभाग कधीकाळी जोडलेले असणार, असं स्यूसने मांडलं आणि १८८५ मध्ये त्या प्राचीन भूखंडाला 'गोंडवाना' नाव दिलं. आपल्याकडच्या कोळशाच्या थरांना भूगर्भशास्त्रज्ञ आधीपासून गोंडवाना म्हणत होते, गोंडांच्या प्रदेशावरून. म्हणजे ज्या माणसाने व्हिएन्नाला डोंगरातलं पाणी आणलं, त्यानेच नवऱ्याच्या गावाखालच्या खडकाचं नाव जगाच्या नकाशावर नेलं. नवऱ्याने तिथूनच त्याच्या बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि कारंजं दाखवलं. त्यांनी आधी स्यूसबद्दल विचारलं, मग कारंज्याबद्दल.

संध्याकाळी ऑपेरा. श्टाट्सओपर या सरकारी ऑपेरागृहात दर प्रयोगाला शेकडो जागा उभ्याने बघणाऱ्यांसाठी असतात. त्या बसायच्या तिकिटाच्या मानाने अगदी स्वस्त असतात आणि प्रयोगाच्या दिवशी मिळतात. आमची जागा तळमजल्यावर, सम्राटाच्या जुन्या बॉक्सच्या बरोबर खाली, म्हणजे आवाज उत्तम. आत गेल्यावर आपली जागा धरायची तर समोरच्या कठड्याला रुमाल किंवा स्कार्फ बांधायचा. ही जुनी पद्धत. मी ओढणी बांधली, नवऱ्याने तिच्याच दुसऱ्या टोकाची गाठ मारली, आणि आम्ही निवांत जिने आणि दालनं बघून आलो. परत आलो तेव्हा ओढणी तशीच होती. कठड्यावर लहान पडदा असतो, त्यावर संवादाचा इंग्रजी अनुवाद येतो. मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात हे प्रेक्षागृह जळालं आणि दहा वर्षांनी, १९५५ मध्ये, पुन्हा उघडलं. आम्ही ऐकला तो इटालियन ऑपेरा होता. माइक नाही, स्पीकर नाही, आणि तरी एका बाईंचा आवाज ऑर्केस्ट्रावरून तरंगत शेवटच्या रांगेपर्यंत येत होता. शेजारी कॉलेजातली मुलं होती, एक पंचाहत्तरीच्या बाई होत्या, त्या सवयीच्या वाटल्या, सोबत घडीची चटई घेऊन आल्या होत्या. मध्यंतरात त्या चटईवर बसल्या आणि आम्हालाही बसा म्हणाल्या. पाय दुखले, पण मी पुन्हा तशीच उभी राहीन.

तिसरा दिवस, रविवार

शोनब्रुनला सकाळी बाग उघडल्याबरोबर गेलो. राजवाड्यात १४४१ खोल्या आहेत. आम्ही आत गेलो नाही. बाग सगळ्यांना फुकट, पळणारी आणि बाबागाडी ढकलणारी शहरातली माणसंच जास्त. टेकडीवरच्या ग्लोरिएट या कमानींच्या इमारतीपर्यंत चढून शहर पाहिलं आणि उतरलो.

मग यू४ मेट्रोने दुसऱ्या टोकाला, हायलिगेनश्टाट स्टेशन. बाहेर पडलं की समोर कार्ल मार्क्स होफ. पाहताच आधी लांबी जाणवते. एक किलोमीटरहून लांब एकच इमारत, मोठमोठ्या कमानी, वर मनोरे, लाल आणि पिवळसर रंग. हा किल्ला वाटेल, पण ही भाड्याची घरं आहेत. १९२७ ते १९३० या काळात नगरपालिकेने बांधलेली, वास्तुरचनाकार कार्ल एन, १३८२ घरं.

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात समाजवादी पक्ष निवडून आला. तेव्हा कामगार आमच्या ओटाक्रिंगच्या इमारतीसारख्या घरांत राहत होते. एका खोलीत कुटुंब, शिवाय रात्रीपुरता बिछाना भाड्याने घेणारा परका माणूस, आणि पाणी व्हरांड्यात. हुगो ब्राइटनर या नगरपालिकेच्या अर्थप्रमुखाने १९२३ मध्ये घरबांधणी कर लावला. लहान घराला नाममात्र, मोठ्या बंगल्याला भरपूर. त्यातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून जास्त घरं उभी राहिली. प्रत्येक घरात नळ आणि संडास आत. न्हाणीघर नव्हतं, त्यासाठी आवारात सामायिक स्नानगृहं, धुलाईघरं, बालवाड्या, वाचनालय, दवाखाना. जागेचा पाचवा भागही बांधकामाखाली नाही, बाकी सगळं मोकळं आवार. आम्ही गेलो तेव्हा त्या आवारात लिंडनच्या झाडांखाली मुलं सायकली फिरवत होती आणि कोणाच्या तरी गॅलरीतून कांदा परतल्याचा वास येत होता.

जुन्या धुलाईघरांपैकी एकात आता या काळाचं छोटं संग्रहालय आहे, रविवारी दुपारी उघडं असतं. तिथे फार वेळ गेला. कपडे धुवायला ठरवून दिलेल्या पाळ्या, स्नानगृहाचे फोटो, निवडणुकीची पोस्टरं. फेब्रुवारी १९३४ मध्ये ऑस्ट्रियात यादवी पेटली तेव्हा सरकारी सैन्याने याच इमारतीवर तोफा डागल्या, कारण आत कामगार लढत होते. १९३८ मध्ये नाझी आल्यावर ज्यू भाडेकरूंना या घरांतून बाहेर काढलं, तेही तिथे स्पष्ट लिहिलं आहे.

आजही शहरात नगरपालिकेची सुमारे २ लाख २० हजार घरं आहेत आणि साधारण चौथा हिस्सा व्हिएन्नाकर त्यांत राहतात. म्युनिकमध्ये घरांच्या रांगांत उभं राहून आलेल्या आम्हा दोघांना हे वाचून गप्प बसवेना. नवऱ्याने तिथल्या तरुण मार्गदर्शकाला विचारलं, बाहेरून आलेल्यांना मिळतं का? तिने सरळ उत्तर दिलं. दोन वर्षं व्हिएन्नात नोंद हवी, शिवाय नागरिकत्व किंवा दीर्घकाळ राहण्याचा परवाना हवा, आणि प्रतीक्षायादी आहे. म्हणजे नव्याने आलेला माणूस पहिली वर्षं खासगी बाजारातच घर शोधतो. ही अट मला खटकली. पण इतक्या लोकांना परवडणारी, चांगली घरं मिळाली की बाकीच्यांच्या भाड्यावरही दाब राहतो, हेही तितकंच खरं. घर ही नफ्याची नाही, तर पाण्याइतकी गरजेची गोष्ट आहे असं एका शहराने धरलं आणि त्यासाठी कर बसवला. मला शोनब्रुनच्या खोल्यांपेक्षा हे मोठं वाटलं.

संध्याकाळ डोनाउइन्सेलवर घालवली. डॅन्यूबचा पूर शहरात शिरू नये म्हणून १९७२ ते १९८८ या काळात मुख्य प्रवाहाला समांतर दुसरं पात्र खोदलं, आणि खोदलेल्या मातीचं २१ किलोमीटर लांब बेट तयार झालं. पुराच्या वेळी दुसऱ्या पात्राचे दरवाजे उघडतात, एरवी ते शांत पाणी पोहायला मोकळं. मेट्रो थेट बेटावर उतरवते. तिकीट नाही, कुंपण नाही. नवरा पोहला. मी पाण्यात पाय सोडून बसले.

चौथा दिवस, सोमवार

सामान स्टेशनच्या लॉकरमध्ये टाकून उपनगरी गाडीने लीझिंगला गेलो. शहराच्या दक्षिण टोकाचा हा भाग, इथे पाहण्यासारखं काय म्हणून आजींनी आदल्या रात्री विचारलं होतं. उत्तर ऐकून त्या खूष झाल्या.

१८७३ ची जलवाहिनी बहुतेक ठिकाणी जमिनीखाली आहे, पण मध्ये दरी आली की ती कमानींच्या पुलावरून जाते. लीझिंगचा पूल त्यातला एक. ओढ्याच्या काठाने चालत गेलो आणि घरांच्या मागून एकामागोमाग एक विटांच्या उंच कमानी दिसू लागल्या. खालून रस्ता, ओढा, सायकलवाट, आणि वर झाकलेल्या कालव्यातून पाणी. जवळ जाऊन विटांवर हात ठेवला. वरून काही ऐकू येत नाही, कुठे थेंब गळत नाही. दीडशे वर्षं हे काम चालू आहे. १९१० मध्ये दुसरी जलवाहिनी आली, होखश्वाब डोंगरातून, सुमारे १८० किलोमीटर लांब. त्यातून झऱ्याचं पाणी व्हिएन्नाला पोचायला ३६ तास लागतात. पंप कुठेच नाही. उलट उतारावर वाटेत पाण्याच्या दाबावर वीज तयार करतात.

इतक्या लांबवर इतका हलका आणि सतत उतार राखायचा, मध्ये डोंगर आला तर बोगदा, दरी आली तर कमानी, आणि हे सगळं लेव्हल नावाच्या उंची मोजायच्या दुर्बिणीने आणि हाताने मोजून. मी साइटवर लेव्हल घेतलेली आहे, म्हणून मला त्या माणसांबद्दल फार आदर वाटतो. झऱ्यांच्या भोवतालची जंगलंही शहर स्वतः सांभाळतं, कारण पाऊस त्या मातीतूनच गाळून खाली येतो. २००१ मध्ये शहराने पाण्याची सनद मंजूर केली आणि पाणी शहराच्याच हातात राहील असं लिहून ठेवलं. लातूरला डोंगर नाहीत, आल्प्सचा बर्फ नाही, तिथे हेच उत्तर चालणार नाही हे मला माहीत आहे. पण पाण्याचा उगम कुठे आहे आणि तिथल्या मातीचं, झाडांचं काय चाललंय याची काळजी शहराने घ्यायची असते, हे आमच्या मांजरा खोऱ्यालाही लागू आहे. तिथे उसाला किती पाणी जातं, हा प्रश्न विचारायलाच हवा.

दुपारची गाडी. फ्राइलासिंगला जर्मन पोलीस डब्यात चढले, पासपोर्ट आणि कार्ड बघून पुढे गेले. संध्याकाळी म्युनिक.

बाबा ऑक्टोबरात आमच्याकडे येणार आहेत, तेव्हा कैसरब्रुनला जायचं ठरवलं आहे. तिथे झऱ्यापाशी जलवाहिनीचं संग्रहालय आहे. व्हिएन्नाहून पायरबाख-राइखेनाउ स्टेशनपर्यंत रेल्वेने दीड तासाच्या आत पोचता येतं, पुढे हिर्शवांगपर्यंत बस, आणि तिथून कैसरब्रुनपर्यंत दरीतून जलवाहिनीच्या कडेने पायवाट आहे. बाबा रोज सकाळी पाच किलोमीटर चालतात, त्यांना ती जमेल.